कोणाच्या हाती कोणती बंदूक

खंडेनवमीला ती कपाटातून बाहेर निघते. तेलाच्या फडक्याने पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे फूल वाहतात आणि पुन्हा कपाटात ठेवतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर घरी परतते. महाराष्ट्रात ज्या घरांत आजोबा-पणजोबांची बंदूक आहे, तिथे तिचे आयुष्य साधारण असेच चालते. कोकणात ती बहुधा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते. देशावरच्या एखाद्या वाड्यात बोल्टची रायफल निघते. आजोबा जातात, कागदपत्रे वारसाच्या नावावर करायची वेळ येते आणि तेव्हा पहिल्यांदाच घरातले कोणीतरी तिला उजेडात धरून विचारते, ही आली कुठून?

अशा रायफलींत एक गोष्ट पुष्कळांना चक्रावते. दिसायला ती अगदी पोलिसाच्या खांद्यावरच्या थ्री-नॉट-थ्रीसारखी असते. तोच बोल्ट, दस्त्याचा तोच घाट, चापाच्या पुढे तसेच पेटीसारखे मॅगझिन. पण परवान्यावर .३०३ नसते, .३१५ असते. काडतूसही वेगळे. पोलिसाचे काडतूस हिला चालत नाही आणि हिचे पोलिसाला. बाहेरून एक आणि आतून दुसरी अशी ही घडण कशासाठी, याचे उत्तर शोधत गेले की १८५७ पर्यंत मागे जावे लागते. त्या सालानंतर नव्वद वर्षे भारतात एक प्रश्न राज्यकर्त्यांनी फार काळजीपूर्वक हाताळला: कोणाच्या हाती कोणती बंदूक द्यायची? वारशाने आलेली रायफल म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले लोखंडी उत्तर आहे.

१८५७ च्या ठिणगीत काडतुसाची चरबी होती हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ते काडतूस ज्या बंदुकीचे होते तिच्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. ती होती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड येथे सरकारी कारखाना होता, तिथले नाव तिला मिळाले. तोंडाकडून दारू-गोळी ठासायची ही बंदूकच होती, पण नळीच्या आत पीळ पाडलेले होते. त्या पिळांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत निघे आणि सरळ जाई. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. एनफिल्ड कित्येक पटींनी लांबचा माणूस टिपू शकत होती. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी बंड पुकारले आणि पुढच्या दीड वर्षात कंपनीचे राज्य मुळापासून हादरले.

बंड मोडल्यावर १८५९ मध्ये पील आयोगाने फौजेची नवी मांडणी सुचवली. बंगालमध्ये एका गोऱ्या शिपायामागे दोन देशी, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत तीन, याहून जास्त प्रमाण नको. तोफखाना गोऱ्यांच्याच हाती राहील. डोंगरी तोफांच्या काही तुकड्या तेवढ्या अपवाद. बंदुकीच्या बाबतीत जे केले गेले ते याहूनही बारकाईचे होते. देशी पलटणींसाठी १८५९ चा वेगळा नमुना निघाला. लांबी, दस्ता, खटका, सारे एनफिल्डचेच. फक्त नळीतले पीळ काढून टाकलेले आणि लांबचा नेम धरण्याची पट्टीही नाही. कवायतीच्या मैदानावर दोन पलटणी शेजारी उभ्या राहिल्या तर बघणाऱ्याला फरक कळू नये. गोळी सुटली की कळावा. .३१५ च्या कोड्याची ही पहिली आवृत्ती म्हणायला हवी.

इथून एक अलिखित शिरस्ता पडला: गोऱ्या शिपायाच्या हाती जे हत्यार असेल त्याच्या एक पिढी मागचे देशी शिपायाला. १८६७ च्या अखेरीस रॉबर्ट नेपिअर यांची फौज मुंबई बंदरातून ॲबिसिनियाच्या मोहिमेवर निघाली, तेव्हा ब्रिटिश पलटणींकडे मागून काडतूस भरायची नवी स्नायडर रायफल होती. देशी शिपाई ठासणीच्या बंदुका घेऊन गेले. ब्रिटिशांना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा स्नायडर खाली उतरून देशी पलटणींकडे आली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे जनरल बरोज यांच्या फौजेचा दारुण पराभव झाला. त्या मैदानावर ६६ व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि तिच्या बाजूला उभ्या राहिलेल्या मुंबई फौजेच्या पहिल्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींकडे स्नायडर. पराभवाची कारणे अनेक होती: शत्रूची मोठी संख्या, त्याच्या भारी तोफा, रणरणते ऊन आणि पाण्याचे दुर्भिक्ष. पण एकाच रांगेत उभ्या असलेल्या माणसांना दोन प्रतींची हत्यारे देऊन लढायला लावले होते, हेही तितकेच खरे. १८९७ च्या तिराह मोहिमेतही तोच प्रकार: ब्रिटिशांकडे ली-मेटफर्ड, देशी शिपायांकडे मार्टिनी-हेन्री.

शिपायाला निदान मागच्या पिढीची बंदूक मिळत होती. रयतेचे काय? १८७८ साली व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्रकायद्याने बंदूक बाळगायला परवाना सक्तीचा केला, मात्र नियमांनुसार युरोपियनांना त्यातून सूट होती. कोडगूचे कोडव यांच्यासारखे मोजके समाज वगळता देशी माणसाला स्वतःच्या घरात हत्यार ठेवायला सरकारच्या मर्जीची चिठ्ठी लागू लागली. काँग्रेसच्या स्थापनेला जेमतेम दोन वर्षे झाली होती, तोच १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल करण्याची मागणी झाली. मागणी करणारे बहुतेक वकील आणि संपादक होते. त्यांना शिकारीची हौस नव्हती. परवान्यातून सुटलेला माणूस आणि परवान्यासाठी ताटकळणारा माणूस हा भेद त्यांना खुपत होता.

हत्याराचा हक्क म्हणजे माणूस म्हणून असलेली पत, हे सर्वांत तीव्रतेने जाणले ते महार समाजाने. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यानुपिढ्या लढले होते. १८९२ च्या सुमारास लढाऊ जातींच्या सिद्धांताच्या नावाखाली त्यांची भरती बंद झाली. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. १९४६ मध्ये याच रेजिमेंटला मशिनगन रेजिमेंट करण्यात आले. ज्यांच्या हातून साधी बंदूक काढून घेतली होती त्यांच्याकडे पायदळाचे सर्वांत भेदक हत्यार सोपवले गेले. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात वाढलेल्या मुलाला त्या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता.

आता त्या रायफलीच्या घाटाकडे वळू. तो घाट जेम्स पॅरिस ली यांचा. १८३१ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी ते जन्मले, लहानपणी कॅनडात गेले आणि पुढे अमेरिकेत स्थिरावले. बोल्टच्या खाली बसणारे, काढता-घालता येणारे पेटीवजा मॅगझिन ही त्यांची कल्पना; तिचे अमेरिकी पेटंट १८७९ चे. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ती उचलली आणि विल्यम मेटफर्ड यांनी आखलेल्या पिळांची नळी तिला जोडली. पुढे काडतुसात काळ्या दारूच्या जागी धूर न करणारी कॉर्डाइट आली. तिच्या उष्णतेने मेटफर्ड यांचे उथळ पीळ लवकर झिजू लागले. एनफिल्डच्या कारखान्याने पाच खोल, चौकोनी कडांचे पीळ पाडून नवी नळी केली. १८९५ मध्ये ली यांची कळ आणि एनफिल्डची नळी एकत्र आली. १९०७ मध्ये तिचा आखूड ‘मार्क तीन’ नमुना ठरला: वजन सुमारे चार किलो, लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे. बोल्ट मागे ओढण्याचा पल्ला थोडका आणि हालचाल मऊ, त्यामुळे कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शके.

याच सुमारास ती बंगालमध्ये बनू लागली. बराकपूरपासून काही किलोमीटर उत्तरेला, हुगळीच्या त्याच काठावर इशापूर आहे. कंपनीने १७८७ मध्ये तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना उभारला होता. त्याच जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफलींचा कारखाना आला. म्हणजे जिथून बंडाची पहिली ठिणगी उडाली, त्याच्या अगदी शेजारी सरकारने देशी शिपायाची नवी रायफल घडवायला घेतली. काडतुसे दमदमला होत आणि आपल्या पुण्याजवळ खडकीलाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जुन्या .३०३ काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे दिसली तर ते खडकीचे.

शतक पालटल्यावर शिपायांच्या हत्यारातले अंतर कमी झाले, पण ते पुरते मिटवले महायुद्धाने. १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय तुकड्या मार्सेय बंदरावर उतरू लागल्या. त्यांच्या रायफली आणि फ्रान्समधला नवा दारूगोळा यांचा मेळ बसत नव्हता. मग बंदरावरच जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. ज्या समतेसाठी अर्धे शतक गेले ती पश्चिम आघाडीच्या निकडीने काही दिवसांत पदरात पडली, आणि शिपायाला ती अनोळखी रायफल हाती घेऊन थेट खंदकात उतरावे लागले.

मराठी पलटणींची मोठी कसोटी लागली ती मेसोपोटेमियात. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली त्या तैग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने चढत गेल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे त्यांचे अतोनात नुकसान झाले आणि फौज मागे हटून कूत-अल-अमाराला थांबली. डिसेंबरपासून जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा होता. धान्य संपत आले, घोड्याच्या मांसावर दिवस काढायची वेळ आली आणि ते खायला कित्येक देशी शिपायांचे मन धजेना. २९ एप्रिल १९१६ रोजी तोफा निकामी करून सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यांतले हजारो जण वाळवंटातल्या वाटचालीत आणि कैदेत मेले. पुढे ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ हा मान मिळाला. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतल्या अनेक घरांना मात्र पेन्शनच्या कागदाखेरीज काही मिळाले नाही. रायफल सरकारची होती, ती सरकारकडेच राहिली.

म्हणूनच वारशाने घरी आलेली रायफल सहसा .३०३ नसते. युद्धात शिपायाला बरोबरीचे हत्यार दिले म्हणून रयतेवरचा अविश्वास संपला नव्हता. सैन्याचे काडतूस खासगी माणसाच्या हाती गेले तर चोरवाटेने ते बंडखोरांच्या किंवा सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या रायफलीत जाईल, ही भीती होती. ती निराधार नव्हती. वायव्य सरहद्दीवर रायफली इतक्या सर्रास चोरीला जात की शिपाई झोपताना त्या साखळीने अंगाशी बांधत. मार्टिनी-हेन्रीच्या .४५० व्यासाशी जुळणाऱ्या शिकारी रायफलींनाही भारतात बंदी झाली होती, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७० आणि .४६५ ही नवी मापे काढून भारतातल्या शिकाऱ्यांचा बाजार राखला. .३०३ लाही हीच तोड निघाली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस भारतातल्या कोणत्याही सरकारी बंदुकीत बसत नव्हते. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.सारख्या कंपन्यांनी ली यांच्याच घाटाच्या रायफलीला त्या मापाची नळी बसवली आणि भारतात ती .३१५ म्हणून विकली जाऊ लागली. कोड्याचे उत्तर हे. रायफल तीच, नळी मुद्दाम परकी.

याची दुसरी बाजू तुरुंगांच्या आणि खजिन्यांच्या पहाऱ्यावर दिसे. इशापूरमध्ये जुन्या ली-एनफिल्ड घेऊन त्यांची नळी गुळगुळीत .४१० ची करत, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवत आणि ती एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक करत. तिचे काडतूसही खास, बाजारातले .४१० छऱ्याचे काडतूस तिला जुळत नसे. पहारेकऱ्याच्या हातून ती हिसकावली तरी घेणाऱ्याच्या फारशी कामी येऊ नये, असा हिशेब. १८५९ मध्ये शिपायाच्या एनफिल्डमधले पीळ काढले होते. साठ-सत्तर वर्षांनी पहारेकऱ्याच्या एनफिल्डमधून तेच काढले.

स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलींवरचा मुकुट आणि ‘जी. आर. आय.’ म्हणजे राजा-सम्राट जॉर्जची अक्षरे गेली आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल देशातच बनवायला सुरुवात केली. भारतातल्या घरांत आज सापडणाऱ्या .३१५ रायफलींपैकी पुष्कळ या घरच्या बनावटीच्या आहेत. १९६२ मध्ये हिमालयात आपल्या जवानांनी चीनच्या स्वयंचलित बंदुकांपुढे बोल्ट ओढत .३०३ चालवली. त्या धड्यानंतर इशापूरने त्याच घाटात ७.६२ मिलिमीटरची ‘टू-ए’ काढली. सैन्यातून .३०३ गेली तरी पोलिसांत राहिली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलीस ती घेऊनच एके-४७ समोर उभे राहिले. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण एके काळी मागच्या पिढीचे हत्यार अविश्वासाने दिले जाई. स्वतंत्र देशात ते अनास्थेने दिले गेले, आणि सोसणारा माणूस दोन्ही वेळी रांगेतला शिपाईच होता.

१९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि १८७८ चा कायदा इतिहासजमा झाला. वंशावरून सूट देण्याचा प्रकार संपला. परवान्याची अट सर्वांना सारखी झाली. .३०३ चा व्यास मात्र अजूनही निषिद्ध वर्गात आहे आणि .३१५ चा नाही, म्हणून वसाहतकाळातली ती रेघ आजही आपल्या परवान्यांतून ओढलेली आहे. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस परवाना मागू शकतो. धारकाने वयाची ७० वर्षे गाठली किंवा २५ वर्षे हत्यार बाळगले असेल, तर हयातीतही ते वारसाला देता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला वारशासकट जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. वारसाला परवाना मिळेपर्यंत ती रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते.

ही कागदपत्रांची धावपळ करताना वारसांना बहुतेक वेळा एकच विचार सुचतो: ठेवायची की सोडून द्यायची? दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. माझे सांगणे त्याआधीच्या एका कामाचे आहे. जाणकाराकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. दस्ता आणि लोखंड जिथे जुळतात त्या कड्यावर कारखान्याचे नाव आणि साल पाहावे. नळीच्या बुडाशी तपासणीच्या खुणा असतात. बोल्टवरचा आणि मुख्य सांगाड्यावरचा क्रमांक एकच आहे का ते ताडावे, कारण क्रमांक वेगळे निघाले तर तिचे भाग केव्हातरी बदललेले असतात. लष्करी रायफलीच्या दस्त्यावर उजवीकडे पितळेची चकती असेल तर तिच्यावर पलटणीचे संक्षिप्त नाव मिळू शकते. हे सारे टिपून त्याची छायाचित्रे घ्यावीत.

आणि परवान्याचे जुने पुस्तक फेकू नये. त्यात आजोबांनी परवाना कोणत्या कारणासाठी मागितला, किती काडतुसे वर्षाला मंजूर झाली, कोणत्या साली किती विकत घेतली, कोणत्या जिल्हादंडाधिकाऱ्याने सही केली, हे ओळीने लिहिलेले असते. रानडुकरांनी उभे पीक खाल्ले म्हणून अर्ज केला की बागायतीच्या राखणीसाठी, हे घरातल्या कोणालाही आता आठवत नाही. त्या पुस्तकाला आठवते. आपल्याकडे किल्ल्यांवरच्या तोफांची मोजदाद होते, तलवारींची प्रदर्शने भरतात. पण विसाव्या शतकातल्या साध्या घरांतल्या बंदुका आणि त्यांचे परवाने कोणी नोंदवून ठेवत नाही, आणि नव्या पिढीने हत्यार शासनजमा केले की त्याच्यासोबत ते घरही इतिहासातून पुसले जाते. राज्याने आपल्या माणसांवर केव्हा, किती आणि कोणत्या अटीवर विश्वास ठेवला याचा पुरावा दिल्ली-लंडनच्या दप्तरांइतकाच या कपाटांतही आहे. रायफल ठेवा अथवा द्या. तो पुरावा लिहून काढल्याखेरीज तिला घराबाहेर जाऊ देऊ नका.